हातभर अंतरावर बसून

हौसे, दाराला आतून कडी लावून लिहायला बसले आहे. भर दुपारची. तू असतीस तर म्हणाली असतीस, "यमे, काय चोरी केली का काय?" चोरी नाही गं केली. पण रस्त्यानं मोटरसायकल आली की माझा पेन थांबतो, अन् ती पुढं निघून गेली की मग चालतो. मघाशी एक आपल्या लिंबाखालीच थांबली. मी तोंडाला पदर लावून बसले. तर तो आपला दूधवाला, मोबाईल वाजला म्हणून थांबलेला. बायकोशी भांडत होता. त्याचं भांडण ऐकून मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

तुझ्या अन् माझ्या घराची भिंत एकच. सुना म्हणून आलो तेव्हापासून आपली ती तारच होती. तू तिकडून पळी एकदा आपटलीस की "येऊ नको, पाहुणे आलेत". दोनदा आपटलीस की "चहा टाकलाय, ये". आता तिकडं भांडं पडलं तरी मी उठून बसते, अन् मोजते. एकदा का दोनदा, एकदा का दोनदा. मग आठवतं, तुझी सून भांडी घासतीय.

तू गेलीस त्याला पंधरवडा होत आला. लोक म्हणतात हौसा धसक्यानं गेली. मला ते पटत नाही, अन् पटतंही. डॉक्टर म्हणाला छातीत कफ झाला होता, वय झालं होतं. वय तर माझंही झालंय. पण दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोचणारी बाई सहा महिने घरातनं बाहेर बसत नाही, ते काय कफानं? मी लोकांना सांगते, "नाही हो, कफच होता." तुला घाबरट म्हणून पोचवायचं माझ्या जिवावर येतं. पण रस्त्यावर मोटरसायकल वाजली तेव्हा मी तुझा हात धरलाय हौसे. गार होता. मला माहीत आहे.

इथल्या साप्ताहिकवाल्या सरांनी विचारलं, "यमुनाबाई, हौसाबाईंवर लिहाल का?" पोरांच्या पाट्या पुसता पुसता मी अक्षर शिकले, हे तुला ठाऊक. अधनंमधनं पापडाकुरडयांचं, सणासुदीचं लिहून दिलं तर ते छापतात. तू मला "लिव्हनारी बाई" म्हणून चिडवायचीस. मी हो म्हणाले, अन् त्या घडीपासून मला झोपही धड नाही अन् जेवणही. कारण तुझ्यावर लिहायचं म्हणजे तुझ्या गाण्यातल्या त्या ओळीवर लिहायचं. अन् ती ओळ लिहावी का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल म्हणून बसले आहे.

आपल्याला गाणं तुझ्या सासूबाईंनी शिकवलं. रुखवताला विहीण अन् करवल्या पाटावर बसल्या की तिच्यासमोर बसून तिचीच खोडी काढायची. जगात दुसरीकडं कुठं बायकांना एवढी तोंडं मोकळी मिळतात सांग! एरवी सासूला "अहो" म्हणायची चोरी, अन् त्या दिवशी विहिणीच्या घोरण्यापासून तिच्या माहेरच्या आमटीपर्यंत सगळं गाण्यात. पण सासूबाईंचे कायदे कडक होते. कुशीवर म्हणायचं नाही, कुंकवावर म्हणायचं नाही, कातडीवर म्हणायचं नाही. आणि मोठा कायदा वेगळाच. त्या म्हणायच्या, "जिच्यावर म्हनायचं तिच्यापास्नं हातभर अंतरावर बसायचं. तिला राग आला तर तिला चापट मारता आली पायजे. आन तिचं उत्तर ऐकल्याबिगर उठायचं न्हाई."

तुला आठवतं, त्या कायद्यानं तू खरंच एकदा चापट खाल्ली होतीस! एका विहिणीच्या चहात साखर नसते असं म्हणालीस, तर तिनं तुझ्या गालावर अशी दिली की मांडव गप्प. मग तिनंच वाकून तुझा गाल चोळला अन् म्हणाली, "आता गोड लागला का?" हसून हसून आपल्या बरगड्या दुखल्या होत्या.

आपल्या दोघींचं ठरलेलं होतं. तू ओळ टाकायची, मी झेलायची, तुझ्यामागनं उचलून म्हणायची. उभ्या जन्मात पहिली ओळ मी कधी टाकली नाही. तुला सुचायचं तसं मला सुचत नाही, अन् सुचलं तरी तोंडातनं निघेपर्यंत मी त्याला चार बाजूंनी बघत बसते. तू म्हणायचीस, "यमे, तू भाकर भाजायच्या आदी पिठाची माफी मागत बसतीस."

वैशाखात तुझ्या दिराच्या नातीचं लग्न झालं. नवरदेव शेवगावकडचा. त्या विहीणबाईंचं नाव मी इथं घालत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, ते पुढं सांगते. उंचीपुरी बाई, हिरवी पैठणी, नाकात नथ, अन् डोळ्यांत असं काही की मी बघताक्षणी तुला म्हणाले, "ही उत्तर देणार." तू पहिलीच टाकलीस,

"विहीण आली नटून, पैठणी नेसून,
दुकानाची चिठ्ठी राहिली मागं चिकटून."

अन् त्या बाईनं खरंच हात मागं नेऊन चाचपून बघितलं! करवल्यासुद्धा लोळल्या हसून. तिनं तुझ्या मनगटाला चिमटा काढला. सगळं कसं रीतीनं चाललं होतं.

अडचण झाली ती फ्लेक्सची. विहीणबाईंचे भाऊ, म्हणजे नवरदेवाचे मामा, त्या भागातले पुढारी. त्यांच्या पोरांनी मांडवाला एवढा मोठा फ्लेक्स लावलेला, की त्यात मामा पुरून उरलेले अन् नवरदेव खाली कोपऱ्यात. वाऱ्यानं त्याची खालची दोरी सुटली होती, अन् आपण बसलो तिथं तो फडफडून तुझ्या डोक्याला लागत होता. तू दोनदा हातानं लोटलास. तिसऱ्यांदा तू वर बघितलंस, अन् तुझ्या चेहऱ्यावर ते आलं. मला ते ओळखू यायचं. डोळे बारीक अन् ओठ दुमडलेला.

मी तुझा गुडघा दाबला.

"काय गं?" तू हळूच म्हणालीस.

"मामावर नको. ते तिकडं खुर्चीत बसल्यात माणसांत. आपल्यात न्हाई ते. ते काय उत्तर देणार? सासूबाईंचा कायदा..."

"हातभर अंतर ना?" तू म्हणालीस. "ह्यो काय, हनुवटी माझ्या कानाला लागतीय त्याची. आजून किती जवळ यायचा?"

अन् टाकलीस. फ्लेक्समधले मामा केवढे अन् नवरदेव केवढा, एवढंच होतं त्यात. शिवी नव्हती, वंगाळ नव्हतं. मी झेलली, कारण तू टाकली अन् मी झेलली नाही असं कधी झालं नव्हतं. मांडव फुटला हसून. अन् मग विहीणबाई पाटावर सावरून बसल्या, नथ सारखी केली, अन् त्यांनी असं उत्तर दिलं, असं उत्तर दिलं, की तुझं तोंड उघडंच राहिलं. तू हरलीस हौसे. तू उठून त्यांच्या पाया पडलीस, तुझ्या हातानं त्यांना लाडूचा घास दिलास, अन् त्यांनी तो तुझ्या बोटासकट चावला. ते सगळं मांडवात झालं अन् मांडवात मिटलं.

मिटलं असतं.

तुझी रूपाली, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला जाणारी, तुझी लाडकी नात, समोर मोबाईल धरून उभी होती. आजीचं गाणं साठवून ठेवायचं म्हणून. दोष देत नाही गं तिला. तिच्या मोबाईलमधली जागा नेमकी तुझ्या ओळीला संपली. विहीणबाईंनी तोंड उघडलं अन् मोबाईल मिटला. टोमण्याला जागा होती, उत्तराला नव्हती. तिनं कौतुकानं मैत्रिणींना पाठवलं. तिथून कोण्या कुठल्यानं उचललं, त्याला मागनं हसण्याचे आवाज लावले, मामांच्या फोटोभोवती लाल गोल काढला, अन् सोडून दिलं.

त्यात तू पुरी दिसतेस. माझा फक्त कोपर दिसतो, अन् हिरव्या बांगड्या. हा कोपर मी कितीदा बघितला असेल.

पहिले चार दिवस तुला गंमत वाटली, खोटं नको बोलायला. आपल्या तिसगावच्या आठवडी बाजारात कासारीण बांगड्या भरता भरता थांबली, "आगं बया, तुमीच का त्या? मामावाल्या?" तुझा हात तिच्या हातात, अन् तू अशी फुललीस! तिनं तुला एक बांगडी वर घातली. शेजारची भाजीवाली म्हणाली, "आजून एक म्हना की." तू घसा साफ करत होतीस, तेवढ्यात मागनं एक बाप्याचा आवाज आला. शांत आवाज. "लई तोंड चालतंय का म्हातारे? दात राहतील न्हवं?" आपण वळलो तर बाजार नुसता. शंभर तोंडं. त्यातलं कोणतं बोललं, कळलंच नाही. तू तुझा हात कासारणीच्या हातातनं काढून घेतलास. अर्धाच चुडा भरून आपण घरी आलो.

त्या दिवशी संध्याकाळी तू रूपालीला बसवलंस. "वाच, खाली काय काय लिव्हलंय." ती वाचेना. तू रट्टा दिलास तेव्हा वाचलं. कोणी म्हणे म्हातारी म्हणजे आग आहे. एक बाई म्हणे हिला जोड्यानं मारा. कोणी विहीणबाईंनाच नाही नाही ते बोललेलं. त्यांच्या नथीवर, त्यांच्या अंगावर. कातडीवर, हौसे. आपल्या सासूबाईंनी ज्याला हातसुद्धा लावू दिला नसता तसलं.

"ही कोन बाई, जोड्यानं मारा म्हननारी?" तू विचारलंस. "आपल्या हितली का?"

"आजी, कुठली कोण, काय माहीत."

"मंग मला ओळखत न्हाई, पाळखत न्हाई, आन माझ्या नावानं वरडती कशापायी?"

"आन वा वा म्हननारीला तरी कुठं वळखतेस तू?" मी म्हणाले.

मला वाटलं आता टोचशील. पण तू म्हणालीस, "खरं हाय. दोनीबी हाताबाहेरच्याच." तुझ्या आवाजात मी पहिल्यांदा तेव्हा ते ऐकलं. भीती म्हणजे काय, ती आवाज बारीक करत नाही गं. सपाट करते.

रूपालीनं ते काढून टाकलं. पण काढून टाकायचं म्हणजे काय, तिच्या मोबाईलमधनं गेलं. बाहेर ते फिरतच होतं. पोरगी रडली. म्हणाली, "आजी, ते आता परत बोलावता येत नाही."

मग ते आले. उन्हाची वेळ. मी तांदूळ निवडत होते. मोटरसायकली वाजल्या, थांबल्या, अन् तुझ्या अंगणात बोलणं ऐकू आलं. मी उठलेच होते, तर भिंतीवर तुझी पळी वाजली. एकदा. फक्त एकदा. येऊ नको, पाहुणे आलेत.

मी भिंतीला कान लावून उभी राहिले. खाली ठेवलेल्या सुपातले तांदूळ पायानं सांडले.

"आज्जे, माफी मागायची," एक जण म्हणत होता. "ह्या मोबाईलमधी बघून बोलायचं. माझी चूक झाली, मी मामांची जाहीर माफी मागते. एवढंच. जास्त न्हाई."

"मागते की," तू म्हणालीस. "माफीला काय लागतं? पन मोबाईलची न्हाई मागत. त्याला तर मी काय म्हनले न्हाई. मामाला आना. न्हाईतर विहीनबाईला आना. हितं पुढ्यात बसवा, हातभर अंतरावर. मी पाया पडून माफी मागते, आन चापट मारली तर गाल बी देते."

"म्हातारे, मामा काय तुझ्या दारात येतील व्हय?"

"मंग मी जाते त्यांच्या दारात. गाडीवर मागं बसवून नेता का? मला मोटरसायकलवर बसायची लई हौस हाय."

कोणीतरी हसलं. दुसऱ्यानं त्याला दटावलं. मग तो पहिला म्हणाला, "आन ती दुसरी कोन हुती? झेलनारी?"

माझं काळीज भिंतीला लागून वाजत होतं. तुला ऐकू गेलं असणार.

"दुसरी?" तू म्हणालीस. "दुसरी कुनी न्हवती बाळा. मी एकटीच हुते. दोन आवाजात म्हनते मी."

"बघू," म्हणून ते गेले. हे "बघू" मात्र इथंच ठेवून गेले. ते अजून आहे.

त्यानंतर तू ओट्यावर बसायची बंद झालीस. बाहेर मोटरसायकल वाजली की तुझा हात गुडघ्यावर जायचा, मी दाबला होता तिथंच. आपलं भांडण मात्र रोजचं सुरू होतं. तुला बाकी सगळं सुचायचं बंद झालं, तरी भांडायचं सुचत होतं, याचा मला आधार वाटायचा.

मी म्हणायची, "मामा आपल्या खेळात न्हवते. जो खेळात न्हाई त्याच्यावर डाव टाकू नये."

तू म्हणायचीस, "त्यानं गावाच्या येशीपासून मांडवापर्यंत सगळीकडं टांगून ठिवलंय स्वताला. जत्रंत बी त्योच, दहाव्याच्या पाटीवर बी त्योच. सगळीकडं दिसायचं आन कुटंच सापडायचं न्हाई, ह्यो कुटला खेळ? जो माझ्या डोक्याला लागतो त्याच्यावर बी मी बोलू नये, तर मंग कुनावर बोलू, कोंबड्यांवर?"

"पण हौसे, आवर तर पाहिजे ना? गाणं आपलं असलं तरी कान लोकांचं असत्यात."

"आवर पायजेच. मी कवा न्हाई म्हनले? कूस, कुकू, कातडं, आजपतूर शिवलं का मी?" मग तू ते विचारलंस. तुझ्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते मला आजवर बोचतंय. "यमे, तू आवरतीस का भितीस? तुझं तुला तरी कळतं का?"

मी म्हणाले, चहा गार होतोय.

तेच राहिलं बघ. तेच एक उत्तर द्यायचं राहिलं. तुला वाटलं असेल यमी रुसली. मी रुसले नव्हते. मला खरंच माहीत नव्हतं. दोन्हींत माणूस गप्पच बसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, शहाणपणासारखं. आतून सांगायचं कसं? अन् आता तर आख्खं गावच असं शहाणं झालंय. मागच्या लग्नात विहीण पाटावर बसली, अन् आपल्या बायका एकमेकींच्या हाताकडं बघत राहिल्या, मोबाईल कोणाच्या हातात आहे म्हणून. कोणी तोंड उघडेना. मग पोरांनी स्पीकर लावला. विहिणीनं मुक्यानं लाडू खाल्ला अन् उठली. मला त्या दिवशी जितकी भीती वाटली तितकी मोटरसायकलींचीही वाटली नव्हती.

दिवाळी सरली अन् तू गेलीस.

दहाव्याला शेवगावच्या विहीणबाई आल्या. रूपाली आत पळाली. मला वाटलं, आता ह्या काय बोलतात, अन् यांच्या मागं कोण कोण आलंय. पण त्या एकट्या होत्या, एसटीनं आलेल्या, साधं पातळ. सरळ माझ्याकडं आल्या अन् गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. माझ्या हाताकडं बघितलं अन् म्हणाल्या, "त्यो मोबाईलमधला कोपर ह्योच का?"

मी मान हलवली.

"यमुनाबाई, मला तुमच्या हौसाबाईचा राग न्हवता," त्या म्हणाल्या. "मला हसली, हसू द्या. मी तिला हसले. पन त्या मोबाईलमधी माझं उत्तरच न्हाई वो! जग समजलं ही बाई नथ घालून मुकी बसलीय. माझी नणंद म्हनाली, 'तुमाला काय सुचलं न्हाई का वैनी?' सहा महिने मी सगळ्यांना सांगत हिंडले, मी बोलले हुते, मी बोलले हुते. कुनी खरं मानंना. हसलेलं मी सोसलं. गप्प केलेलं सोसवंना."

मी म्हणाले, "पण बाई, तुमचं उत्तर राहिलं तेच बरं झालं. त्यात तुम्ही भावालाही सोडलं नव्हतं. ते बाहेर गेलं असतं तर?"

"बाहेर?" त्या हसल्या. हसणं काही फार धीट नव्हतं. "बाहेरचं मला काय करायचंय? घरातच म्हनलं मी ते. भाऊबीजंला. ओवाळाय बसला हुता, पाटावर, पुढ्यात. ताटाएवढंच अंतर. म्हनलं, याच्या हातभर अंतरावर माझ्याशिवाय आता कोन बसतं? पोरं समदी मागं उभी असत्यात, न्हाईतर खाली वाकलेली. म्हनून दोन्ही ओळी म्हनल्या. हौसाबाईची बी आन माझी बी."

अंगणातल्या सगळ्या बाया पुढं सरकल्या हौसे. तुझ्या दहाव्याला. तुला आवडलं असतं.

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"मंग काय. दिव्याकडं बघत बसला. मला वाटलं उठून जातो. माझ्या हातनं तेल सांडलं ताटात. मंग म्हनला, 'ताई, फ्लेक्स खरंच एवढा मोठा झाल्ता का गं?'"

हसलो आम्ही. तुझ्या दहाव्याला हसलो, माफ कर. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "मी त्याला इचारलं, त्या म्हातारीकडं पोरं तू धाडली हुती का? तर म्हनला, 'न्हाई गं. त्यांची त्यांनी गेली. मला नंतर कळलं. आता त्यांना मी नको म्हनलं तरी ऐकत्यालच असं न्हाई. तू जपून राहा.' माझा भाऊ, यमुनाबाई. मला म्हनला, जपून राहा. आन त्याच्या तोंडावर मी भ्या बघितलं."

हे ऐकल्यापासून माझी कडी लावलेली आहे. आतापर्यंत वाटत होतं, एक माणूस रागावलाय, त्याला समजावता येईल. आता कळलं की रागावणारेही कोणाच्या हातात नाहीत अन् हसणारेही नाहीत. तू म्हणाली होतीस तसं. दोन्ही हाताबाहेरचे.

त्यांना ह्या लेखाचं सांगितलं. म्हणाल्या, "लिव्हा. माझं नाव नका घालू, माझ्या पोराचा संसार हाय. पन माझी ओळ घाला. हौसाबाईला मी भाऊबीजंचं सांगायला येनारच हुते. पिशवी भरून ठिवली हुती. तेवढ्यात फोन आला."

माझा मुलगा काल फोनवर म्हणाला, "आई, मावशीवर लिही, पण ती ओळ नको. आणि खाली नाव तर मुळीच नको. 'एक मैत्रीण' असं घाल." त्याचं चुकत नाही. मला एकटीला ठेवून तो लांब राहतो, त्यालाही भीती असणार. रूपाली मात्र काल माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "यमाआजी, माझ्यामुळं अर्धंच गेलं बाहेर. तू पुरं लिव्ह." मी दोघांनाही "बघू" म्हणाले. अन् म्हणाल्यावर दचकले. तो शब्द मी कोणाकडनं उचलला?

तर हौसे, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. चहा गार झाला तर होऊ दे.

मी आवरते ते असं. विहीणबाईंचं नाव मी लिहिलं नाही. ती पोरं तुला आणखी जे बोलली ते लिहिलं नाही. मामांचं नाव, पद काही नाही. लोकांनी नथीवर काय लिहिलं तेही नाही. हे मला न भिता करता आलं, हात न कापता. आणि मी भिते ते असं, की ओळ लिहायला गेले की अक्षर वाकडं होतं. आज बसल्यापासून किती कागद चुरगळले. आता कळलं बघ मला. ज्यानं दुसऱ्याचं राखलं जातं, तो आवर. ज्यानं नुसती मी राखली जाते, ती भीती. तू हसशील, एवढं कळायला यमीला हौसा जावी लागली.

ही तुझी ओळ. आज मी टाकते, जन्मात पहिल्यांदा.

"मांडवाच्या दारी मामा ढगायेवढा,
नवरदेव शोधा बाई हरबऱ्यायेवढा."

आणि हे विहीणबाईंचं उत्तर, जे मांडवाबाहेरच्या जगानं ऐकलं नाही.

"ढग आमचा कोरडा बाई, गडगडून गेला,
हरबरा तुमच्या रानात उगवायला आला."

बघ, पुरं म्हटलं की त्यात कोणीच लहान होत नाही. अर्धंच तेवढं टोचतं.

बाहेर पुन्हा मोटरसायकल आली आहे. थांबली आहे. कोण आहे ते बघायला मी उठणार आहे, पण आधी नाव लिहिते. "एक मैत्रीण" नाही. तू माझ्यासाठी दोन आवाजात गायलीस, त्यातला माझा मी परत घेते. राग आला तर ज्याला चापट मारायची आहे त्याला मी सापडले पाहिजे ना, नाहीतर सासूबाईंचा कायदा मोडला. फक्त यावं, समोर बसावं, अन् माझं उत्तर ऐकल्याशिवाय उठू नये.

अक्षर वाकडं आलंय. वाचता येईल.

यमुना, हौसाची झेलणारी
तिसगाव, वेशीजवळ, लिंबाखालचं घर. कडी काढली आहे.